तेलाचा हात

माझ्या मुलीला शेंगदाणा चालत नाही, आणि आमचा धंदा शेंगतेलाचा. हातकणंगल्याच्या रस्त्यावर आमचा लाकडी घाणा आहे. गिऱ्हाईक डबा भरून घेताना दात काढतं, "काय पावणं, तेलवाल्याच्या पोरीलाच शेंगदाणा चालत न्हाय म्हणं? मग आमी काय इख खातोय व्हय?" नवरा हसून वेळ मारून नेतो. मला हसू येत नाही.

मुलगी तान्ही होती तेव्हा तिच्या गालांवर आणि कोपरांच्या वळ्यांत इसबाचे लाल चट्टे उठले. खाजवून खाजवून ती रक्त काढायची. सासू, म्हणजे आमच्या बोलीत आत्ती, रोज सकाळी तिला पायांवर आडवी घ्यायची आणि घाण्याचं ताजं तेल त्या चट्ट्यांवर रगडायची. या घरातलं प्रत्येक पोर त्या तेलात वाढलंय, याचा तिला कोण अभिमान. पोर किंचाळायचं. "रडू दे, अंग मोकळं हुतंय," म्हणून ती आणखी जोर लावायची. दाणा मात्र तिनं पोरीच्या तोंडाला लागू दिला नाही. दाण्यानं पित्त होतं, खोकला होतो, हा या घरचा कायदा. पोरीचा भातसुद्धा वेगळा, तुपातला. तेल अंगावर आणि दाणा वर्ज्य, याला आमच्याकडे लाड म्हणायचे.

मुलगी दोन वर्षांची झाली आणि शेजारणीनं तिच्या हातावर दाण्याचा लाडू ठेवला. एकच घास. ओठ सुजले, डोळे मिटले, छातीतून शिट्टी वाजायला लागली. दवाखान्यात इंजेक्शन मिळालं म्हणून वाचली. घरी परतलो तर आत्ती दारातच उभी. "आमच्यात कुणाला असलं झालं न्हवतं. हिच्या दुधातच खोट हाय."

मला हे नवीन नव्हतं. थोरला दीर अपघातात गेला त्याच वर्षी माझं लग्न लागलं. वर्षाच्या आत कार्य उरकायचं, नाहीतर लांबतं, म्हणून घाई केलेली. घर अजून ओल्या जखमेसारखं होतं, आणि त्यात मी पाऊल टाकलं. मी माप ओलांडायच्या आधीच आत्तीनं जमलेल्या बायकांना मला दाखवलं, "थोरला गेला आणि ही आली." मग म्हैस आटली तरी बायका माझ्याकडे बघायच्या, घाण्याची मोटार जळली तरी माझ्याकडेच.

ॲलर्जीच्या डॉक्टरीणबाईंना मी पहिला प्रश्न विचारला तो दुधाचा. त्या नाही म्हणाल्या. मग त्यांनी समजावलं ते मी कान देऊन ऐकलं. कातडीत काही पहारेकरी पेशी असतात. बाहेरून आलेलं त्या पकडतात, जवळच्या गाठींत नेतात आणि तिथल्या लढणाऱ्या पेशींना दाखवतात. नुसतं दाखवून थांबत नाहीत, त्याच्याशी कसं वागायचं तेही शिकवतात. दाणा लहानपणी तोंडावाटे आतड्यात गेला, तर तिथल्या पेशी बहुतेकदा शांतपणे दाखवतात, की हे अन्न आहे, राहू द्या. तोच दाणा फाटलेल्या, आग झालेल्या कातडीतून आला, तर दाखवणारी पेशीच बिथरलेली असते. ती सांगते, वैरी आला. मग शरीर ते विसरत नाही. आणि घाण्याच्या तेलात दाण्याचा अंश राहतोच.

डॉक्टरीणबाई दर वाक्याला 'कदाचित' म्हणत होत्या. ते सगळे कदाचित मी दवाखान्यात ठेवून घरी आले.

रात्री सगळे जेवायला बसलेले असताना म्हणाले, "आत्ती, माझ्या दुधानं न्हाई झालं. तुमच्या हातानं झालं." आणि सगळं सांगितलं, एकेक करून, सावकाश. तिच्या हातातला भाकरीचा तुकडा तसाच राहिला. मला बरं वाटलं, अगदी पोटभर जेवल्यासारखं.

डॉक्टरीणबाई आणखी एक बोलल्या होत्या. पुढे कधीतरी, दवाखान्यातच, त्यांच्या डोळ्यांसमोर, दाण्याचा कणभर अंश देऊन शरीराला सवय लावता येते. नवऱ्यानं हे घरात सांगितलं. आत्तीनं त्यातलं 'कणभर' आणि 'सवय' एवढंच उचललं. तिला आपल्या हाताला लागलेला बट्टा पुसायचा होता. एका दुपारी मी घाण्यावर असताना तिनं चिमूटभर कूट दुधात कालवून पोरीला पाजला.

मी घरात शिरले तेव्हा पोर निळी पडत होती आणि आत्ती तिच्या छातीला तेल चोळत होती. तेच तेल. मी तिला ढकललं, डॉक्टरीणबाईंनी घरी ठेवायला दिलेलं इंजेक्शन कपाटातून काढलं आणि पोरीच्या मांडीत टोचलं. पोर वाचली. आत्ती भिंतीला टेकून म्हणत राहिली, "डाक्टरच म्हणालीती की, थोडं थोडं द्या म्हणून."

त्या दिवसापासून मी मुलीला शिकवलं. कुणीही जवळ घेतलं की आधी हाताचा वास घ्यायचा. आज्जीच्या हाताचा तर दोनदा.

आता मुलगी शाळेत जाते. आत्तीला अर्धांगवायू झालाय, ती बाहेरच्या खोलीत कॉटवर पडून असते. तेलाला तिचा हात लागून किती काळ लोटला. मीच तिला साबणानं आंघोळ घालते, नखंसुद्धा मीच काढते. रोज संध्याकाळी ती चांगला हात उचलून नातीकडे करते. नात वाकते, वास घेते आणि माझ्याकडे बघते. मी नाही म्हणून मान हलवते. ती मागे सरते.

परवा ती बराच वेळ त्या हातावर नाक ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "आई, न्हाय येत वास. बसू आज्जीजवळ?"

आत्ती माझ्याकडे बघत होती. तिला बोलता येत नाही, पण डोळे शाबूत आहेत. त्या हाताला साबणाशिवाय कशाचा वास नव्हता, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"येतोय," मी म्हणाले. "नीट बघ."

पोरीनं पुन्हा नाक लावलं. तिचा चेहरा आक्रसला आणि ती दोन पावलं मागे आली.

"व्हय की आई, येतोय."