भोपळ्यातलं आकाश

मिरजेला लोक दवाखान्यासाठी जातात, नाहीतर सतारीसाठी. मी गेले आकाश आणायला. हसू नका, तेही भोपळ्याचं!

झालं असं की काचबिंदूनं अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, नजर गेली. ती परत येणार नाही हे कळल्यापासून त्यांनी रहिमतपूरच्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. फौजेत पहाऱ्यावर आणि पुढे उसाला पाणी पाजताना तारे बघून वेळ सांगणारा हा माणूस. मी शाळेत भूगोल शिकवते. एकदा वर्गातला पृथ्वीगोल घरी आणला, तर तो चाचपत म्हणाले, "आगं, आभाळाचा असा गोल मिळत न्हाई व्हय?"

मिळतो, पण छापील. बोटांना त्याचा काय उपयोग? मग मिरजेत तंबोरे बनवणाऱ्या एका चाचांना मी नकाशा काढून दिला. वाळलेल्या अख्ख्या भोपळ्यावर ताऱ्यांच्या जागी पितळी खिळे, ठळक ताऱ्याला मोठा खिळा. असा गोल आपण बाहेरून बघतो, म्हणून डावं-उजवं रीतसर उलटवलंही.

तो तयार झाल्याचा निरोप आला आणि मी सकाळची पॅसेंजर धरली. स्टेशन गावापासून लांब आहे, रिक्षा आदल्या दिवशीच सांगून ठेवा. बाहेर धुकं, तुरे आलेला ऊस, मध्येच कुठेतरी नदी. गाडी चाललीय की शेतं, तेच कळेना. सांगली स्टेशनवर भडंग घ्या, तिखट सोसत असेल तर.

चाचांच्या दुकानात छतापर्यंत भोपळेच भोपळे. मला तर सगळे ग्रह वाटायला लागले! पण माझा भोपळा पुढे आला आणि मी तो उचलून फिरवून बघितला. तंबोऱ्यासाठी कापतात तसं त्याचं तोंड कापलेलं होतं.

"चाचा, अख्खा हवा होता हो!"

"ताई, हात आत गेल्याबिगर खिळा पक्का कसा व्हायचा? आमी भोपळा घेतला की पयला कापतोच. तुकडा ठिवलाय की जपून."

परतीच्या गाडीत तो मांडीवर घेऊन बसले. भयंकर वाईट वाटत होतं.

संध्याकाळी अण्णांची बोटं खिळ्यांवरून फिरली आणि थांबली. "मृगाच्या उजवीकडं व्याध? डावीकडं असतोय त्यो."

"अण्णा, आपण बाहेरून बघतोय ना."

"भाईरनं आभाळ कोन बघतंय?" त्यांनी भोपळा बाजूला सारला. मला रडूच आलं.

तो उचलताना माझी बोटं कापलेल्या तोंडातून आत गेली. खिळ्यांची ठोकलेली टोकं तिथंही हाताला लागत होती. मी अण्णांचा हात धरून आत घातला.

"ह्यो व्याध," ते हळूच म्हणाले. "ह्यो बाण. ही रोहिणी... आन् ह्या कृत्तिका. लय दिसांनी, गड्या." मान वर करून ते कितीतरी वेळ तसेच बसले. इतकं सुखी मी त्यांना नजर गेल्यापासून पाहिलंच नव्हतं.

मग एकदम कपाळाला आठी. "अगस्ती कुठं हाय?"

तो दक्षिणेकडचा, कापलेल्या तुकड्याबरोबर गेलेला. वाईट वाटण्याच्या भरात तुकडा मी मिरजेतच विसरले होते. मी तसं सांगितलं.

"मग आनाय नगं? त्याची जागा त्या चाचांना कळायची न्हाई. मी येतो संगट." पायानं जमीन चाचपत ते उठले. "माज्या चपला कुठं ठिवल्यात गं?"

चपला माळ्यावर होत्या. धूळ झटकून मी त्या उंबऱ्यापाशी ठेवल्या.