सुतकाची खिडकी

आमच्या कार्यालयाच्या फाटकाबाहेर पिंपळाखाली मारुतीची लहानशी घुमटी आहे. साहेब रोज सकाळी तिथे थांबत, गळ्यातले ओळखपत्र काढून खिशात ठेवत आणि मगच हात जोडत. नमस्कार झाला की ओळखपत्र पुन्हा गळ्यात. कोणी विचारलेच तर म्हणत, "हे गळ्यात असलं की मी सरकार. सरकारने हात जोडायचे ते रांगेतल्या माणसाला."

काही माणसे त्यांनी न केलेल्या गोष्टीमुळे लक्षात राहतात. तुमच्याही पाहण्यात असे कोणी असेल. माझ्या पाहण्यातले हे एक.

भांडुपमधल्या त्या छोट्या सरकारी कार्यालयात आम्ही जन्म-मृत्यूचे दाखले देत असू. साहेब देव न मानणारे होते असे मात्र समजू नका. गाव मालवणकडचे, आणि गाऱ्हाणे घालण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. देवापुढे उभे राहून ते खड्या आवाजात एकेक मागणे मांडत आणि जमलेली मंडळी दर मागण्याला "व्हय म्हाराजा!" म्हणून साथ देत. त्यांच्या सोसायटीत गणपतीला त्यांचा आवाज लागला की समोरच्या इमारतीतली माणसे खिडकीत येत.

दरवर्षी कार्यालयात सत्यनारायण होई. पाटावर बसण्याचा मान प्रमुखांचा आणि त्यांच्या पत्नीचा. साहेब प्रमुख झाले तेव्हा आम्ही खूश झालो. या वर्षी पूजेला गाऱ्हाणेही होणार! वहिनींनी त्या दिवसासाठी मोतिया रंगाची साडी घेतल्याचे कळले.

पूजा आठवड्यावर आली आणि साहेब म्हणाले, "पूजा रविवारी, माझ्या घरी. सगळ्यांनी यायचं. इथे नाही."

सगळे एकदम बोलू लागले. आमचा सर्वांत बोलका कारकून म्हणाला, "म्हणजे आता देवाने पण अर्ज करायचा का, साहेब?"

"देवाला खिडकी लागत नाही रे. माणसाला लागते."

"पण इतकी वर्षं चालत आलंय. वरून कोणी ओरडलंय का?"

साहेब म्हणाले, "गेल्या वर्षी आरती चालू होती, तेव्हा डोकं भादरलेला एक जण बापाचा दाखला न्यायला आला होता. आठवतो? सुतकातला म्हणून मीच त्याला बाहेर थांबायला सांगितलं. उन्हात उभा राहिला बिचारा. रीत त्यालाही ठाऊक होती. अरे, आपल्या खिडकीवर रोज कोणी ना कोणी सुतकातच येतं, आणि तिथे आपण सोवळं मांडून बसतो! तो तर आपल्याच देवाचा होता. दुसऱ्या देवाचा माणूस आला, तर त्याने कुठे उभं राहायचं?"

सगळे रागावलेच. त्या रविवारी त्यांच्या घरी फार थोडे जण गेले. मी गेलो, पण पटले म्हणून नव्हे. वरिष्ठांना नाही म्हणण्याचा माझा स्वभाव नाही म्हणून. आपल्या चांगुलपणात भिडेचा वाटा किती, हे मला अजून नीटसे कळलेले नाही.

वहिनी मोतिया साडी नेसून शिऱ्याची भरलेली पातेली सांभाळत होत्या. साहेबांकडे पाहून म्हणाल्या, "सांगा तुमच्या सरकाराक, प्रसाद उरलोहा म्हणान."

साहेब ओशाळून हसले. तो उरलेला शिरा त्यांनी दुसऱ्या दिवशी कार्यालयातही आणला नाही. फाटकाबाहेर रिक्षावाल्यांना वाटला आणि मग आत आले.

पुढे ते निवृत्त होईपर्यंत कार्यालयात पूजा झाली नाही. रुसवेही हळूहळू विरले. निरोपाच्या दिवशी ओळखपत्र जमा करून ते पिंपळाखाली आले. सवयीने हात गळ्याकडे गेला आणि तसाच राहिला.

"साहेब, आता तरी गाऱ्हाणं!" तोच बोलका कारकून म्हणाला.

साहेबांनी चपला काढल्या आणि रस्त्यावरच्या गोंगाटाला न जुमानता आवाज लावला. "बा देवा म्हाराजा! ह्या खिडकेर जो कोण येयत, खंयच्याय देवाचो असांदे, नायतर देव न मानणारो असांदे, तेका परत फेरी मारूक लावू नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो.

साहेब गेल्या वर्षी गेले. तोपर्यंत नवे प्रमुख आले होते, पूजाही पुन्हा सुरू झाली होती. मी विरोध केला नाही. तेवढे धैर्य माझ्यात नाही. फक्त पूजेच्या दिवशी मी खिडकीवरून उठत नाही.

साहेब जाऊन आठवडाच झाला होता आणि पूजेचा दिवस आला; आत आरती चालू होती. खिडकीपलीकडे, उन्हात, पायरीच्याही खाली वहिनी उभ्या दिसल्या. बरोबर मुलगी होती.

"वहिनी, वर या ना. सावलीत या."

"नको. आत पूजा आहे. आम्हाला सुतक आहे ना."

मी बाहेर जाऊन त्यांना सावलीत आणले, खुर्ची दिली. मग नोंद काढली, दाखला तयार केला. सही हवी होती. ताम्हन धरून आरती करणाऱ्या प्रमुखांजवळ मी कागद घेऊन गेलो. आरती थांबली. सगळे माझ्याकडे पाहू लागले. दाखल्यावरचे नाव वाचून प्रमुखांनी ताम्हन खाली ठेवले आणि सही केली.

वहिनींनी दाखला पदराआड धरला. "एकाच फेरीत झाला," त्या हलकेच म्हणाल्या.

उत्तर माझ्या ओठांवर आले होते. पण ओळखपत्र गळ्यात होते. वहिनी पिंपळापलीकडे दिसेनाशा झाल्यावर मी फाटकाबाहेर गेलो, ते काढून खिशात ठेवले आणि मग हळूच म्हणालो, "व्हय म्हाराजा."