ब्रेकवरचा पाय

आमच्या ह्यांना गल्लीत सगळे व्हॅनकाका म्हणतात. पोरंही आणि पोरांच्या आयाही. आमची नात तर घरात आजोबा म्हणते आणि गाडीत बसली की काका. शाळेची गाडी चालवण्यात ह्यांचा जन्म गेला, तोही अनवाणी. स्टिअरिंगवर बसले की चपला काढून सीटखाली सरकवायच्या. का, तर म्हणे, "गाडी तळपायाशी बोलते. मध्ये चप्पल आली की तिचं बोलणं ऐकू येत नाही."

"आणि बायकोचं बोलणं ऐकू येत नाही ते कशामुळे?" मी विचारायची. मग मिशीत हसायचे.

साखर ह्यांना जुनी. गोळ्या आठवल्या तर घ्यायच्या, पथ्य दुसऱ्यांना सांगायचं. मी बोलून बोलून थकले, पण पालथ्या घड्यावर पाणी.

परवा दुपारी गाडी दारात लावून हे आत आले, आणि पांढऱ्या फरशीवर उंबऱ्यापासून खुर्चीपर्यंत लाल ठिपके. "अहो, पाय बघा!" मी किंचाळले. टाचेत ड्रॉइंग पिन, पार डोक्यापर्यंत रुतलेली. मी ती उपटली तेव्हा हे पेपर चाळत होते. 'आई गं' निघालं ते माझ्याच तोंडून.

तेवढ्यात नात दप्तर टाकत म्हणाली, "आजी, आज काय मज्जा झाली! आजोबांनी गाडी भलत्याच गल्लीत नेली आणि हॉर्नवर हॉर्न. म्हणे, गोट्या अजून कसा आला नाही? शेवटी एक दाढीवाला दादा बाहेर आला. म्हणाला, काका, मी आता कॉलेजला जातो." पोरगी पोट धरून हसत होती. मी मात्र हातातल्या पिनेकडे बघत राहिले. ह्याच पायानं आणि ह्याच डोक्यानं हा माणूस उद्या सकाळी गाडीभर पोरं घेऊन निघणार होता, आणि आमची नात पुढच्या सीटवर.

संध्याकाळी ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी ह्यांना टेबलावर पाय लांब करून बसवलं आणि एक ताठ नायलॉनचा धागा काढला. "समोर बघा. हा तळपायाला लागला की हो म्हणा." आणि काय सांगू, हे धडाधड हो म्हणत सुटले. एकदाही चुकले नाहीत. मला हायसं वाटणार, तेवढ्यात ह्यांची नजर दिसली. समोर औषधांचं काचेचं कपाट होतं. जन्मभर आरशात बघून गाडी मागे घेतलेला माणूस, काचेत बाईंचा हात बघून उत्तरं देत होता!

"बाई, हे कपाटात बघतायत!" मी ओरडले.

झालं. चोराच्या उलट्या बोंबा. "मला काय शाळकरी पोर समजलात?" म्हणत हे तरातरा बाहेर पडले. एक चप्पल पायातून निसटून तिथेच राहिली, ह्यांना पत्ताच नाही.

बाईंनी ती उचलून माझ्या हातात दिली. "ताई, इतकी वर्षं वाढलेल्या साखरेनं पायाच्या नसा गेल्यात. डोक्यावरही परिणाम दिसतोय, आठवणीवर, अंदाजावर. औषधं आजच बदलू. पण उद्या ह्यांना गाडीवर बसू देऊ नका, काहीही करा."

काहीही करा! सांगायला काय जातंय?

सकाळी हे चावी फिरवत निघाले. मी दारात आडवी उभी राहिले.

"बाजूला हो. पोरं खोळंबलीत."

"एक परीक्षा द्या माझी. पास झालात तर मी स्वतः गाडी पुसून देते."

"तू कधीपासून परीक्षा घ्यायला लागलीस?" असं म्हणत का होईना, बसले. मी त्यांच्या डोळ्यांवर टॉवेल घट्ट बांधला. आता काच नाही, आरसा नाही. "समोर सिग्नल पडलाय," मी म्हटलं, "मागे पोरं बसलीत. हळूच ब्रेक दाबायचा." आणि त्यांच्या पायाखाली फरशीवर माझा हात ठेवला.

पाय खाली आला. आधी नुसता जड, मग आणखी जड. अंगठी हाडात रुतली. मी ओठ दातांखाली धरला, कारण मी ओरडले असते तर त्यांना कळलं असतं, आणि मला बघायचं होतं की पायाला कळतं का. हे सगळा भार टाकून पुढे झुकले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "पाय ब्रेकला टेकला की सांग. मग दाबतो."

मला रडूच फुटलं. "टेकलाय हो," मी म्हटलं. "कधीचाच टेकलाय."

त्यांनी टॉवेल ओढून काढला. खाली बघितलं. दोन्ही हातांनी मांडी धरून पाय उचलला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. दारात नात दप्तर घेऊन उभी होती. ह्या वेळी ती हसली नाही.

त्यांनी चावी माझ्या चांगल्या हातात ठेवली. "लपव. कुठे लपवलीस ते मला सांगू नकोस. मी मागेन, भांडेन, वाट्टेल ते बोलेन. तू देऊ नकोस." काल नातीला शाळेत सोडायला आम्ही चालत गेलो. ह्यांच्या पायात बूट होते.

आज सकाळी व्हायचं तेच झालं. "चावी कुठाय? पोरं उभी असतील रस्त्यावर! घरात एक वस्तू जागेवर सापडेल तर शपथ!" सगळे खण उपसून झाले, मला नाही नाही ते बोलून झालं. मी फक्त हात पुढे केला. अजून काळानिळा आहे, दोन बोटं मिटत नाहीत.

हे एकदम थांबले. रागबिग कुठल्या कुठे गेला. माझा हात जपून स्वतःच्या हातात घेतला, मलमाची ट्यूब शोधून आणली आणि फुंकर घालत लावू लागले.

"दारात सापडला का गं?"

"हो," मी म्हटलं.

"एवढा चेंगरेपर्यंत तुला कळलं कसं नाही?" हे म्हणाले.

मी हात तसाच राहू दिला. चावी पिठाच्या डब्यात आहे.