म्हातारीवर ढकललेलं पाणी

गाडीच्या दाराच्या आत पत्र्यावर प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. काचेवरून दारात उतरलेलं पाणी तो गाडीत येऊ देत नाही. काचेचं काम करताना आम्ही गॅरेजवाले तो उचकटतो आणि चपलेच्या पिवळ्या सोल्युशनने परत डकवतो. त्यासाठी ब्युटाइलची काळी, न सुकणारी पट्टी मिळते, हे मला ठाऊक होतं. पण ‘आत कोण बघतंय?’ हेच आम्ही एकमेकांना शिकवलं. त्या निर्लज्ज वाक्याची आज चीड येते.

तीन वर्षांपूर्वी कोंडाणे गावच्या एका गिऱ्हाइकाच्या गाडीत, मीच काच बसवलेल्या दारातून, पाणी साचलं, तेव्हा मी बेधडक म्हणालो, “तुमची म्हातारी काच उघडी ठेवत असेल.” त्याने आईला तेच सुनावलं. तिने गाडीत बसणंच सोडलं.

यंदा काचेच्याच कामासाठी तेच दार मी पुन्हा खोललं. माझंच सोल्युशन पापुद्र्यासारखं हातात आलं. काळी पट्टी लावून मी गाडी त्यांच्या घरी नेली आणि म्हातारीला म्हणालो, “आजी, चूक माझी होती.”

“मी सांगत व्हते, काच मी उघडी ठेवली नाय. तीन वर्सं दवाखान्यात टमटमनं गेले. आता मला काय सांगतोस रं? पोराला सांग.”

मी ओट्यावरूनच त्याला हाक मारली.