आरसेवाल्या डॉक्टरबाई

शिवणवालीने डॉक्टरबाईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभ्या राहून एक गोल आरसा कोटाच्या टोकाने पुसत होत्या. बुटक्या, पायात कापडी बूट, केस कसेबसे बांधलेले.

"आत माणसं अशी पडलीत आणि हिला नट्टापट्टा सुचतोय," नणंद पुटपुटली. नणंदेचं पुटपुटणं म्हणजे चार खोल्यांपलीकडे ऐकू जाणारं.

डॉक्टरबाई वळल्या. "हा माझ्यासाठी नाही. आत या, दाखवते."

आत शिवणवालीचा नवरा होता. घड्याळं दुरुस्त करायचा. दुकानाची पाटी पुसायला शिडीवर चढला आणि डोक्यावर आपटला, त्याला पाच आठवडे झाले होते. दुसऱ्या दवाखान्यातून त्याला आदल्याच दिवशी इथे आणलं होतं. श्वास त्याचा तो घेत होता, डोळेही उघडत होते. नजर मात्र कुठेच टेकत नव्हती.

डॉक्टरबाई त्याच्या कानाशी वाकल्या. "आज मंगळवार. बाहेर ऊन आहे. तुमच्या डोक्याला मार लागलाय, तुम्ही दवाखान्यात आहात. आता मी आरसा धरते हं." मग त्यांनी आरसा त्याच्या चेहऱ्यासमोर वीतभरावर धरून सावकाश डावीकडे नेला, उजवीकडे, वर, खाली. असा माणूस कधीकधी दिव्याकडे बघत नाही, घरच्यांकडे बघत नाही, पण आरशातल्या स्वतःच्या चेहऱ्यामागोमाग त्याचे डोळे जातात, असं त्यांनी सांगितलं. मुकी झालेली किती माणसं आतून जागी असतात, हे शोधण्यात त्यांची अठरा वर्षं गेली होती.

डोळे जागचे हलले नाहीत.

त्याला पुढे कुठे पाठवायचं हे ठरवायला येत्या सोमवारी दवाखान्यात बैठक होती. डोळे आरशामागे गेल्याची नोंद असेल तर उपचार पुढे चालू ठेवायला पुनर्वसन केंद्रात जागा मिळणार; नसेल तर नुसती शुश्रूषा करतात त्या घरात रवानगी. तिथून कुणी घरी परतल्याचं शिवणवालीने ऐकलं नव्हतं.

गुरुवारी ती जवळजवळ ओरडलीच. "हलले! मी पाहिलं."

"मीही पाहिलं. एकदा हलले. पुन्हा हलले तर लिहीन."

"एवढीशी खूण करायची कागदावर. तुमचं काय जातंय?"

"माझं काही जात नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "केंद्रातले लोक यांच्याकडून जे मागतील ते यांना जमलं नाही, तर महिन्याभरात परत पाठवतील. मग पुन्हा कुणी घेणार नाही."

"दगड आहे नुसती," नणंद बाहेर आल्यावर म्हणाली.

पण तो दगड रोज तीनदा यायचा. सकाळी अंग पुसून झाल्यावर, दुपारी, आणि संध्याकाळी उशीला टेकवून बसवल्यावर. दर वेळी वार सांगायचा, ऊन-ढग सांगायचा. शनिवारी शिवणवालीने विचारलं, "यांना ऐकू तरी येत असेल का?"

"माहीत नाही. आई म्हणते, त्या झोपलेल्यांशी तासभर बोलतेस आणि माझ्याशी फोनवर दोन मिनिटं." डॉक्टरबाई हसल्या. "हे दुकानात कसे बसायचे हो?"

"मान खाली. डोळ्याला भिंग. भिंग काढलं की आधी चष्म्याकडे हात. चष्म्याशिवाय जवळचं काही म्हणजे काही—"

ती थांबली. डॉक्टरबाईही थांबल्या.

"कुठे आहे चष्मा?"

तो शिवणवालीच्या पिशवीत होता, रुमालात गुंडाळलेला. पडताना त्याची एक काडी मोडली होती. त्याची वस्तू म्हणून ती तो सगळीकडे बरोबर घेऊन फिरत होती. डॉक्टरबाई स्टुलावर बसल्या. "मी विचारलंच नाही," त्या म्हणाल्या. "एवढी वर्षं आरसा धरतेय, आणि हे विचारलं नाही."

काडीला चिकटपट्टी गुंडाळून त्यांनी चष्मा त्याच्या नाकावर बसवला. आरसा डावीकडे गेला. त्याची नजर मागोमाग गेली. आरसा परत आला, तीही आली. पुन्हा गेली.

डॉक्टरबाईंनी तारीख आणि वेळ लिहिली. शिवणवाली पलंगाच्या पलीकडे उभी होती. नवऱ्याची नजर तिच्यावरून गेली, पण थांबली नाही. तिला त्या आरशाचा हेवा वाटला.

पुनर्वसन केंद्रातही, तो नीट शुद्धीवर येईपर्यंत, डॉक्टरबाई दर आठवड्याला एक चक्कर टाकायच्या. वर्षभराने तो काठी टेकत तपासणीला आला. डॉक्टरबाईंनी कागद काढला. एकटे दुकानात जाता का? सुटे पैसे मोजता येतात का? मग त्यांनी बायकोला विचारलं, "पूर्वीसारखे आहेत?"

"काम करताना शीळ घालायचे. आता नाही घालत."

त्यासाठी कागदावर चौकट नव्हती. डॉक्टरबाईंनी ते समासात लिहिलं. मग पेन खाली ठेवून, कागदावर नसलेला एक प्रश्न विचारला. "तिथे पडून होतात तेव्हाचं काही आठवतं? कुणी बोलत होतं, असं काही?"

त्याने त्यांच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं, अदबीने पाहिलं. "नाही. माफ करा, आपली ओळख आहे का?"

"असू द्या. मी सगळ्यांनाच विचारते."

बाहेर पडल्यावर शिवणवाली म्हणाली, "हो म्हणून टाकायचं होतंत. किती बोलायच्या त्या तुमच्याशी! तेवढंच बरं वाटलं असतं त्यांना."

"आठवतच नाही तर हो कसं म्हणू?"

शिवणवालीला तो गुरुवार आठवला. कागदावर खूण मागितली तेव्हा डॉक्टरबाईंनीही तिला असंच उत्तर दिलं होतं.

डॉक्टरबाई आता अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत. त्यांच्या तपासणीच्या कागदावर पहिलीच ओळ छापलेली असते: चष्मा आहे का? त्यांना स्वतःलाही वाचायचा चष्मा लागलाय, तो कोटाच्या खिशात आरशाशेजारी असतो. दर गुरुवारी दुपारी बरी झालेली माणसं तपासणीला येतात, आणि कागद भरून झाला की डॉक्टरबाई पेन खाली ठेवून प्रत्येकाला तोच प्रश्न विचारतात. अजून कुणी हो म्हटलेलं नाही.