लिसी डामगोरचा दंडाचा केक

आमच्या लेमवी गावात कुठलंही पद कोणाला हवं असतं म्हणून मिळत नाही. क्रीडासंघाची वार्षिक सभा फेब्रुवारीत भरते. बाहेर समुद्रावरचा वारा खिडक्या खिळखिळ्या करत असतो आणि आत सगळे टेबलावरच्या मेणबत्तीकडे टक लावून बसलेले असतात. मान वर केली की अध्यक्षाशी नजरानजर होते आणि नजरानजर झाली की माणूस निवडून येतो. त्याहून वाईट म्हणजे जागेवरून उठणं. लिसीला हे पक्कं ठाऊक होतं, तरी नेमक्या त्या घटकेला ती कॉफीची रिकामी किटली घेऊन स्वयंपाकघरात गेली. परत आली तेव्हा टाळ्या चालू होत्या.

"अभिनंदन, लिसी!" अध्यक्ष टॉर्किल म्हणाला.

"कशाचं?"

"तू आमच्या खेळाडूंच्या जिभेची राखणदार झालीस. एकमताने."

"अरे, पण मी इथे नव्हतेच!"

"म्हणून तर एकमत झालं."

संघात साठीच्या पुढच्यांची एक टोळी आहे, नाव 'करडी बदकं'. दर मंगळवारी संध्याकाळी ही बदकं बॅडमिंटनच्या जाळ्या ठेवायच्या जुन्या खोलीत जमतात, कानाला हेडफोन लावतात आणि कॉम्प्युटरवर दुसऱ्या गावांच्या म्हाताऱ्यांना गोळ्या घालतात. देशभर अशा टोळ्या आहेत, त्यांची रीतसर लीग आहे. लिसी त्यातली बऱ्यापैकी बदक. जन्मभर तिने गाडी शिकवली. शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो, आणि तो दाबून दाबून तिचा उजवा पाय डाव्यापेक्षा जाड झालाय असं ती स्वतःच सांगते. नवरा एर्लिंग गेल्यावर घरात ब्रेक दाबण्यासारखं काही उरलं नाही. मंगळवार सोडला तर आठवड्यात तिचं नाव मोठ्याने घेणारी एकच व्यक्ती होती, औषधाच्या दुकानातली मुलगी, आणि तीही ते बाटलीवरून वाचून घ्यायची. मंगळवारी मात्र दारातूनच कोणीतरी ओरडायचं, "लिसी आली, आता हरलो!" त्या एका वाक्यासाठी ती दुपारपासूनच बूट घालून बसायची.

आता जिभेचं. खेळताना पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकोन असतो, त्यात एकमेकांना लिहिता येतं. आमच्याकडची माणसं बोलायला महाकंजूष. मुलगी डॉक्टर झाली तरी बाप म्हणणार, "वाईट नाही." पण त्याच बापाला तो चौकोन द्या! 'कवळी सांभाळ' इथून सुरुवात व्हायची आणि समोरच्याच्या सात पिढ्यांपर्यंत मजल जायची. सगळ्यात पुढे आमची पाद्रीणबाई रूथ. रविवारी चर्चमध्ये शेजाऱ्यावर प्रेम करायला सांगायची आणि मंगळवारी शेजारच्या गावाची आई काढायची.

लिसीने आधी सभ्य मार्ग धरला. कोणी शिवी दिली की ती लिहायला घ्यायची, 'प्रिय खेळाडू, आपण आत्ता वापरलेल्या शब्दाकडे मी आपले लक्ष...' स्वल्पविराम टाकेपर्यंत तो प्रिय खेळाडू तिला दोन-तीनदा मारून मोकळा झालेला असायचा. बदकं हरायला लागली. टॉर्किल म्हणाला, "लिसी, सभ्यपणा जरा थोडक्यात आवर बघू."

मग तिला केक सुचला. आमच्याकडे ऑफिसात कोणी घोळ घातला की दुसऱ्या दिवशी त्याने केक आणायचा, हा अलिखित कायदा आहे. साहेबाची चुगली चुकून साहेबालाच पाठवलीत? केक. फोन कपड्यांबरोबर धुतलात? केक. लिसीने तो कायदा चौकोनाला लावला. ज्याची जीभ घसरली त्याने स्वतःच्या हाताने केक भाजायचा, ज्याला बोलला त्याच्या घरी स्वतः घेऊन जायचं, आपण काय लिहिलं ते शब्दन् शब्द त्याच्या तोंडावर म्हणायचं, माफी मागायची आणि त्याच्यासोबत बसून केक खायचा. समोरच्याने टॉर्किलला फोन करून "केक खाल्ला" म्हणेपर्यंत गुन्हेगाराने खेळायला बसायचं नाही. त्याने फोन केलाच नाही, तर अख्खा हंगाम बाहेर. हे शेवटचं कलम लिसीचं स्वतःचं, आणि ते घालताना तिला फार बरं वाटलं होतं.

नियम भलताच चालला. रूथने त्या वसंतात इतके केक भाजले की तिचा नवरा हळूच विचारायला आला, सगळ्या शिव्या एकाच गावाला देता येणार नाहीत का, पेट्रोल वाचेल. लीगने नियम सगळ्या देशाला लागू केला. स्थानिक पेपरात लिसीचा समोर बोट केलेला फोटो छापून आला. तिने तो कापून फ्रिजवर लावला, म्हणजे येता-जाता बोट तिच्याकडेच रोखलेलं.

ऑक्टोबरात साम्सो बेटाच्या टोळीशी सामना होता. त्यांच्यात 'जहाजी उंदीर' नावाचा एक खेळाडू होता. हा उंदीर एका लाकडी खोक्यामागे दबा धरून बसायचा आणि लिसी दिसली रे दिसली की तिला टिपायचा. ती जिवंत व्हायची, चार पावलं टाकायची, की ठो! पुन्हा जिवंत, पुन्हा ठो! इतरांना तो हातही लावत नव्हता. लिसीचा जाड उजवा पाय टेबलाखाली जमिनीवर जोरजोरात दाबला जात होता, पण तिथे ब्रेक नव्हता. आणि मग तिने चौकोनात लिहिलं. काय लिहिलं ते पुढे तिच्याच तोंडून येईल. इथे लिहायला माझा हात धजत नाही.

खोलीतल्या सगळ्यांच्या पडद्यांवर ते एकदमच उमटलं. रूथने हेडफोन काढून मांडीवर ठेवला. स्वतः रूथने!

"लिसी," ती हळू आवाजात म्हणाली, "अगं, असलं तर मीसुद्धा कधी लिहिलं नाही."

साम्सोकडून उत्तर आलं नाही. एक शब्द नाही. उंदीर नंतरही तिला मारत राहिला, पण गप्प राहून. लिसीला वाटलं, मेला बिचारा आतून.

"चल, ऊठ," टॉर्किल म्हणाला. त्यालाही ते जड जात होतं. "नियम तुझाच आहे बाई."

पुढचा मंगळवार तिने घरात काढला. बूट मात्र घातले होते. सहा वाजता ती सवयीने दारापर्यंत गेली, मग परत येऊन खुर्चीत बसली आणि फ्रिजवरच्या बोटाला म्हणाली, "झालं समाधान?" रात्रीपर्यंत फोन वाजला नाही. आता हंगामभर असंच असेल तर, हा विचार तिच्या मनात आला आणि तिला सरळसरळ भीती वाटली. दुसऱ्या दिवशी तिने टॉर्किलकडून उंदराचा नंबर घेतला. उंदराचं नाव होल्गर ब्रिंक.

"मी लिसी डामगोर बोलतेय. केक घेऊन यायचं होतं," ती म्हणाली.

"कसला?" पलीकडून प्रश्न आला.

"वर नारळाचा किस आणि ब्राऊन साखर असते, तो."

"या," होल्गर म्हणाला आणि फोन ठेवला.

पहिला केक मध्ये खचला. दुसरा बरा झाला, पण खचू नये म्हणून तिने तो इतका वेळ ओव्हनमध्ये ठेवला की कडा खडखडीत झाल्या. तोच डब्यात घालून ती निघाली. गाडीने अर्धा देश ओलांडून ती धक्क्यावर आली आणि बोटीत डबा मांडीवर घेऊन बसली. वाटेत पाठ चालू होता. लिहिलेली तीन वाक्यं मनात म्हणायची आणि दर वेळी तिसऱ्या वाक्याला अडकायची. समोरच्या बाकावरची बाई तिला म्हणाली, "वाढदिवस वाटतं कुणाचा?" लिसी म्हणाली, "नाही, माझाच दंड आहे."

होल्गर फेरीबोटीवरचा निवृत्त मेकॅनिक निघाला. उंच, वाकलेला, स्वेटरच्या कोपरांना ठिगळं. घर टापटीप होतं. टेबलावर दोन कप, दोन बशा मांडलेल्या आणि मधे मेणबत्ती लावलेली. टेबलापाशी घरातली खुर्ची मात्र एकच होती. दुसरी त्याने बागेतली आत आणून पुसून ठेवलेली दिसत होती, पायाला माती तशीच होती.

"बसा," तो म्हणाला. "आधीच सांगतो हं. पालिकेला मी दोनदा कळवलंय, मला सोबतीला माणूस नको. एकट्या म्हाताऱ्यांकडे गप्पा मारायला पाठवतात ते. पण तुम्ही केक म्हणालात, म्हणून या म्हटलं."

"अहो, मी पालिकेची नाही! मी बदक आहे."

होल्गरने तिच्याकडे नीट पाहिलं.

"लेमवीची करडी बदकं," लिसी घाईने म्हणाली. "मागल्याच्या मागल्या मंगळवारचा सामना. खोक्यामागून तुम्ही मलाच मारत होतात."

"ती तुम्ही!" होल्गरचा चेहरा उजळला. "फार सोपी शिकार हो तुम्ही. दर वेळी त्याच दारातून यायचात. आणि दारातून बाहेर पडण्याआधी डावीकडे बघायचात, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे."

गाडी शिकवणारी बाई दुसरं काय करणार! लिसीने तो अपमान गिळला. "मी माफी मागायला आलेय. चौकोनात जे लिहिलं त्याबद्दल."

"चौकोन? तो मी पहिल्याच दिवशी बंद करून टाकला. लोक काय काय लिहितात म्हणे. मी काही वाचलेलं नाही."

लिसी त्या माती लागलेल्या खुर्चीत तशीच बसून राहिली. याने काही वाचलंच नव्हतं. तो आतून मेलाही नव्हता आणि बाहेरून तर मजेत होता. आणि इकडे तिने दोन केक भाजले होते.

"काय होतं एवढं?" होल्गरने विचारलं. हातात त्याने काटा घेतला होता.

"मी तुम्हाला घूस म्हणाले."

"बस? त्यासाठी बोटीने आलात?" तो हसला. "अहो, मी तर स्वतःलाच उंदीर म्हणवतो. बढतीच दिलीत की!"

इथे थांबता आलं असतं. काटा केकपासून वीतभर होता. तो खाईल, फोन करेल, मंगळवारी दारातून कोणीतरी ओरडेल. तिला फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणं आमच्याकडे आईच्या दुधाबरोबर येतं. पण अर्धवट वळण घेणाऱ्याला लिसीने जन्मात कधी पास केलं नव्हतं. कित्येक पोरं रडली, कित्येकांचे बाप भांडायला आले, तरी केलं नव्हतं. आता स्वतःला कुठल्या तोंडाने करणार?

"काटा खाली ठेवा," ती म्हणाली. "अजून आहे."

त्याने ठेवला.

लिसीने टेबलाची कड धरली आणि मेणबत्तीकडे बघत बोलली. "मी लिहिलं, अरे घुशी, खोक्यामागे लपून कसला मारतोस. घरात बोलायला कुणी नाही म्हणून इथे येऊन बसतोस ना. आणि... मेलास ना, तर शेजाऱ्यांना वासावरूनच कळेल."

लिहिताना ते शेवटचं वाक्य एका झटक्यात आलं होतं. म्हणताना मात्र तिला कळलं की ते इतक्या लवकर कसं सुचलं. ते आधीपासून तयार होतं. एर्लिंग गेल्यापासून रोज रात्री दिवा घालवताना ती तेच वाक्य स्वतःला म्हणत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचाही तिला राग आला.

"माफ करा," ती म्हणाली. "माझी चूक आहे. केक खायचा की नाही, तुम्ही ठरवा. नाही खाल्लात तरी मी समजेन."

होल्गरने खिडकीबाहेर पाहिलं.

"माझ्याकडे वासापर्यंत जाणार नाही," तो म्हणाला. "शेजारणीचा कुत्रा सकाळी माझ्याकडे पावाचा तुकडा मागायला येतो. नाही मिळाला तर गाव डोक्यावर घेईल." मग तिच्याकडे वळला. "तुमच्याकडे कसं कळेल?"

असं तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं. परगावच्या मुलाने नाही, डॉक्टरने नाही, रूथनेही नाही.

"मंगळवारी," लिसी म्हणाली. "मी मंगळवारी गेले नाही, तर बदकांना कळेल."

"आणि आता मंगळवार बंद आहे?"

"तुम्ही आमच्या टॉर्किलला फोन करून 'केक खाल्ला' म्हणेपर्यंत. नियमच आहे तसा."

"कुठल्या गाढवाने केला हा नियम?"

"मी."

होल्गर उठला. केक तसाच होता, एक तुकडाही कापलेला नव्हता. त्याने फोन घेतला, चष्मा कपाळावर चढवून लिसीने सांगितलेला नंबर लावला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

"टॉर्किल? होल्गर ब्रिंक, साम्सो. हो. केक खाल्ला." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. होल्गरने टेबलाकडे, डब्याकडे आणि शेवटी लिसीकडे पाहिलं. "वाईट नव्हता. जरा कोरडा होता."

मग तो येऊन बसला आणि त्याने सुरी घेतली. केक खरंच कोरडा होता.