ट्रेत फक्त खडे

पुंजाजी अमरावतीच्या एका दवाखान्यात ऑपरेशन थिएटरचा ड्रेसर होता. हत्यारं उकळणं, पट्ट्या बांधणं हे त्याचं काम. पण गावोगावचे लोक त्याला ओळखत ते ट्रेमुळे. पोटातून जे निघालं ते नातेवाइकांना दाखवायचं, असा तिथला रिवाज. नव्या सुनेचा पदर सारावा तसा पुंजाजी ट्रेवरचा कपडा हळूच सारी. मंडळी माना डोलवत. एकानं तर काढलेलं अपेंडिक्स बांधून मागितलं होतं, शेजाऱ्यांना दाखवायला.

बासष्टच्या उन्हाळ्यात हिवरखेडच्या भगवंत माळ्यानं बायकोला, पार्बताबाईला, आणलं. पित्ताच्या थैलीत खडे होते. थैली काढायचं ठरलं. तीन तासांनी पुंजाजी बाहेर आला. ट्रेत नऊ खडे, बस.

"थैली कुठी हाय?" भगवंतनं विचारलं.

"आतच."

"मंग डॉक्टरनं तीन घंटे काय केलं?"

थैली सुजून यकृताला अशी चिकटली होती, की पित्ताची नळी कुठली आणि रक्ताची नस कुठली, उमगेना. म्हणून डॉक्टरांनी थैली उघडून खडे तेवढे काढले, पित्त बाटलीत उतरायला रबरी नळी ठेवली आणि पोट शिवलं. सूज उतरली की पुढचं पाहू. पुंजाजीनं हे सारं नीट सांगितलं. भगवंतच्या कानात शिरलं एवढंच, की काम अर्धं झालं. बायकोला आजच नागपूरला न्यायचं म्हणून तो मोटार ठरवायला निघाला. ताज्या टाक्यांवर शंभर मैलांचे धक्के ती सोसणार नव्हती.

पुंजाजी दारात आडवा झाला.

"भगवंतराव, म्या एकडाव भरला ट्रे आणला होता. अशीच चिकटेल थैली होती, डॉक्टरनं पुरी काढली. घरचे लय खूश. पाचव्या दिवशी त्या बाईवर चादर म्याच टाकली."

"देवाची आन?"

"ते त छप्पन साली दीक्षा घेतली तवाच सोडली. डोयानं पाह्यलं थे सांगून राहिलो." मग आवाज उतरवून तो म्हणाला, "चाकू चालवणारे हात लय पाह्यले. थांबणारा आज पाह्यला."

भगवंत बाकावर टेकला. त्यानं विचारलं, "बाटली खाटेच्या वर बांधा लागते का खाली?"

"खाली. अन् झोपेत नळी वढू देऊ नका तिले."

एकवीस दिवस भगवंतनं ती बाटली राखली. नळी निघाली त्या दिवशी पार्बताबाई आपल्या पायांनी मोटारीपर्यंत चालत गेली. थैली आतच होती.